शंभर एकर ऊस की हजार एकर हरभरा? गावच्या पाण्याचा ताळेबंद

पावसाळा सरत आला की आमच्या बालाघाटाच्या पट्ट्यात पारावर एक प्रश्न हमखास निघतो, "औंदा पाणी कुठवर पुरंल?" बहुतेक गावांत याचं उत्तर विहिरीत डोकावून दिलं जातं. कुणी म्हणतं संक्रांत गाठंल, कुणी म्हणतं पाडव्यापर्यंत काळजी नाही. गेल्या काही वर्षांत मात्र मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांनी हे उत्तर कागदावर काढायला सुरुवात केली आहे. कुठे अटल भूजल योजनेच्या निमित्तानं, कुठे पोकराच्या, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या. कुठे २०१६ ला वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, सुरू झाली तेव्हा लागलेली सवय. त्या पहिल्या वर्षीच्या तीन तालुक्यांत आपलं अंबाजोगाई होतं. निमित्त कुठलंही असो, काम एकच. गावातली दहा-पंधरा माणसं बसतात, यंदा किती पाणी आलं ते मांडतात, किती लागणार ते मांडतात आणि वजाबाकी करतात. याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. वजाबाकी पाचवीच्या पोराला येईल अशी. तरी गावं तिथंच अडकतात.

हवामान बदलावर गावानं काय करावं, असं कुणाला विचारलं की पहिलं उत्तर येतं, झाडं लावा. लावावीत की. मात्र दर जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप आणि तोच फोटो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मराठवाड्यातल्या गावाला हवामान बदल भेटतो तो पाण्याच्या रूपात. म्हणून गावातल्या पर्यावरण गटानं पहिली वही उघडावी ती पाण्याची, असं माझं मत आहे.

पाऊस तेवढाच, पडायची रीत वेगळी

मराठवाड्याची पावसाची सरासरी साधारण ७०० मिलिमीटर धरतात. आष्टी, पाटोदा, भूम, परंड्याकडे त्याहून कमी, किनवट-माहूरकडे बराच जास्त. "पाऊस कमी झाला" असं आपण सरसकट म्हणतो, पण खरी गोम पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा त्याच्या वाटपात आहे. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. अशी हवा बरेच दिवस पाणी धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. त्यामुळे खंडही लांबतात आणि झोडपणंही वाढतं. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो, आणि सोयाबीन ऐन फुलोऱ्यात. पुढे दोनच वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, बीड-धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात नदीकाठची शेतं मातीसकट खरवडून गेली.

आपली काळी माती या बदलाला फारशी साथ देत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर तासाला काही मिलिमीटरच पाणी आत जातं. समजा १०० मिलिमीटर पाऊस दहा दिवसांत रोज थोडा थोडा पडला, तर त्यातला बराचसा जिरतो. तोच १०० मिलिमीटर एका रात्रीत आला, तर पहाटे ओढ्याला चहासारखं पाणी आणि बांध फुटलेले. तलाठ्याच्या नोंदीत दोन्हीकडे आकडा १०० च.

पाऊस मोजायचा म्हणजे काय

मिलिमीटर हा शब्द रोज ऐकतो, पण तो नीट समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका हेक्टरवर १०,००० लिटर. आता हे बघा. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, तेव्हा देशभरात बातमी झाली. दहा वाघिणींत मिळून साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. एका हेक्टरवर एका रात्री ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढंच पाणी पडतं. अडीच एकराच्या तुकड्यावर एक अख्खी रेल्वे. आणि ती आपण बघता बघता ओढ्याला घालवतो.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सरळ भिंतीचं कुठलंही भांडं चालतं. तोंड केवढं आहे त्यानं फरक पडत नाही, कारण तोंड रुंद तर पाणीही जास्त आणि बूडही रुंद. घमेलं मात्र चालत नाही, त्याचं तोंड पसरट आणि बूड आकसलेलं. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची, आकडा लिहायचा, भांडं ओतून द्यायचं. जागा उघडी हवी. आम्ही पहिल्या वर्षी पर्जन्यमापक शाळेच्या पत्र्याला लागून बसवला होता. एका सकाळी १४० मिलिमीटर निघाला. अतिवृष्टी, अतिवृष्टी म्हणून गलका झाला. दोघेजण तहसीलला निघालेसुद्धा. मग एका पोरानं दाखवलं की वारं सुटलं की पत्र्याची पन्हाळ त्याच भांड्यात पडते.

गावचा स्वतःचा आकडा असण्याला आणखी एक कारण आहे. सरकारी नोंद महसूल मंडळाची असते आणि एका मंडळात बरीच गावं येतात. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी धरतात. मंडळाच्या केंद्रावर ४० आणि तुमच्या शिवारात ९० असं सर्रास होतं. गावच्या वहीवरून भरपाई मिळत नाही हे खरं, पण भांडायला तारीखवार कागद तरी हातात राहतो.

कातळ आणि कणगी

पाऊस मोजला. पण त्यातलं जमिनीत गेलं किती? इथं मराठवाड्याच्या पायाखाली काय आहे ते बघावं लागतं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटका कातळ आणि त्याखाली अखंड काळा पाषाण, थरावर थर. लाव्हारसाचे थर आहेत हे. गंगेच्या खोऱ्यात वाळू-गाळाची खोल साठवण आहे, तिथं पाणी शेकडो फूट मुरतं. आपल्याकडे पाणी मावतं ते मुरमात, भेगांत आणि फटींत. शंभर घागरी कातळात दोन-तीन घागरींएवढी जागा. त्यामुळे आपली जमीन लवकर भरते आणि तितक्याच लवकर रिकामी होते. सप्टेंबरात काठोकाठ असलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. त्यात कोणाचा शाप नाही, साठवणच तेवढी.

पूर्वी घरात धान्याची कणगी असायची. गावचं भूजल ही अशीच एक सामाईक कणगी समजा. फक्त इथं प्रत्येकानं आपापल्या घरातून तिला भोक पाडलेलं आहे, आणि दुसऱ्यानं किती काढलं ते कोणालाच दिसत नाही. ज्याचं भोक सगळ्यात खाली, त्याला शेवटपर्यंत मिळतं. म्हणून बोअर दोनशे फुटांवरून पाचशेवर, पाचशेवरून आठशेवर जातो. आठशे फुटांवर लागणारं पाणी कपारीतलं, वर्षानुवर्षं साठलेलं. ते एका पावसाळ्यात भरून येत नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद लागते, पाण्याची लागत नाही. गट नंबर कातळाला माहीत नसतात.

ही कणगी किती भरली ते बघायला गावातल्या दहा-बारा विहिरी निवडायच्या. वरच्या अंगाच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या. पद्धत साधी आहे. मीटर टेपच्या टोकाला एक जड नट बांधायचा, टेपच्या खालच्या मीटरभर भागाला खडू घासायचा आणि टेप विहिरीत सोडायचा, काठावर पूर्ण आकडा येईल असा. समजा काठावर १२ मीटर. वर ओढला की खडू ओला झालेला भाग स्पष्ट दिसतो. तो ४० सेंटिमीटर निघाला तर पाणी काठापासून ११ मीटर ६० वर. मोटार बंद करून दोन-तीन तास झाल्यावरच मोजायचं, नाहीतर आकडा खोटा येतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा अशाच निरीक्षण विहिरी वर्षातून ठरावीक वेळा मोजते. त्यातली एखादी तुमच्या शिवारात असेल तर तिच्या जुन्या नोंदी मागून घ्याव्यात.

विहिरींच्या बाबतीत गावात सगळ्यात पक्की माहिती बायकांकडे असते. कोणत्या आडाचं पाणी कोणत्या महिन्यात गढूळ होतं, कोणत्या हापशाला किती हापसे मारल्यावर धार येते, हे त्या तोंडपाठ सांगतात. समितीत महिला सदस्यांची नावं असतात. सह्याही असतात. बैठकीत खुर्च्या मात्र भिंतीकडेला.

आता मांडू या

एक गाव मनानं धरू. क्षेत्र १,००० हेक्टर, लोकसंख्या २,०००, मोठी जनावरं १,०००. यंदा पाऊस ६०० मिलिमीटर. एकूण पडलेलं पाणी ६०० कोटी लिटर. शासकीय भाषेत ६,००० टीसीएम. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. इथं एक सूचना: हे टीसीएम आणि पेपरात जायकवाडीच्या बातमीत येणारं टीएमसी वेगळं. एक टीएमसी म्हणजे २८,००० टीसीएमच्या वर. एका गावच्या फलकावर मी "उपलब्ध पाणी ८०० टीएमसी" असं ऑइलपेंटनं लिहिलेलं पाहिलंय. तेवढ्यात सात-आठ नाथसागर भरतील.

सहा हजारांचा आकडा ऐकून सगळे खूश होतात. पण त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग खरिपाची पिकं, गवत, झाडं आणि ऊन घेऊन टाकतात. तो गेला म्हणून रडायचं नाही, त्यातच सोयाबीन आणि तूर आली. थोडी ओल मातीत राहते. पाचवा हिस्सा, साधारण १,२०० टीसीएम, ओढ्याला वाहतो. त्यातलं बंधारे, पाझर तलाव, नाला बांध मिळून समजा २०० अडलं. जमिनीत मुरलं ते कातळाच्या मानानं दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६००. पावसाळ्यानंतर हातात उरले ८००.

यातून पहिला वाटा पिण्याचा. माणशी रोज ५५ लिटरनं वर्षाला ४० टीसीएम. जनावराला ४० लिटर धरलं तर १५ च्या आसपास. म्हणजे माणसं आणि गुरं मिळून ५५. आठशेतले फक्त पंचावन्न! टँकर लागतो तो या पंचावन्नासाठी, आणि ते संपतात दुसरीकडेच. बंधाऱ्यांतलं ऊन पिणार, काही झिरपून शिवाराबाहेर जाणार, त्यासाठी दीडशेच्या आतबाहेर सोडून दिले तर रब्बी आणि उन्हाळ्याला राहतात ६००.

हरभऱ्याला किंवा रब्बी ज्वारीला ओलीवर पेरून तुषारनं दोन पाणी दिली तर हेक्टरी दीड टीसीएम पुष्कळ झालं. ६०० मध्ये ४०० हेक्टर, म्हणजे हजार एकर हरभरा. उसाला पाटानं पाणी दिलं तर पावसाचं सोडूनही हेक्टरी १५ टीसीएम सहज लागतात. ६०० मध्ये ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर ऊस.

शंभर एकर ऊस की हजार एकर हरभरा. एवढा एक आकडा भिंतीवर लिहिला की बैठकीचा आवाज बदलतो.

हे आकडे ढोबळ आहेत. कृषी सहायक कोष्टकं घेऊन बसला तर मातीनुसार, उतारानुसार ते हलतील, दहा-वीस टक्के इकडंतिकडं होतील. पण दहापटीचा फरक कोणत्याही कोष्टकानं मिटत नाही.

खरं भांडण

आमच्या एका बैठकीत हा हिशेब मांडून झाल्यावर मागच्या ओळीतून एक म्हातारे उठले. म्हणाले, "बाप्पा, तुमचं गणित बरोबर हाय. पण हरभऱ्याला भाव कोण देतंय ते बी त्या भिंतीवर लिवा." सगळे हसले, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. ऊस लावणारा अडाणी नाही. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, ठरलेली असते, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते. २०१४ च्या गारपिटीत गहू-हरभरा जमिनीत मिसळला, तेव्हा ऊस उभा होता. सोयाबीन हमीभावाखाली विकलेला माणूस उसाकडं बघणारच. त्याला पाण्याची शिकवण देणं सोपं आहे. मी स्वतः दिलेली आहे, आणि नंतर आपलीच लाज वाटली.

म्हणून जी गावं पुढे सरकली, ती बंदीपासून सुरू झाली नाहीत. ऊस ठिबकवर आणा, यंदा नवी लागण नको, निडवा, म्हणजे तिसऱ्या तोडीचा ऊस, मोडून त्याच रानात बेवडावर हरभरा घ्या, अशा घासाघिशीतून सरकली. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअरला बंदी केली, जास्त पाण्याची पिकं बंद केली आणि दरसाल पाऊस मोजून रब्बी ठरवायची रीत पाडली. सहलीच्या गाड्या तिथं रोज जातात. येताना लोक चर आणि बंधाऱ्यांचे फोटो आणतात. बोअरबंदीचा ठराव कोणी आणत नाही.

कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, लागू झाला २०१४ ला. ६० मीटरच्या खाली जाणारी विहीर त्यात खोल विहीर धरलेली आहे आणि तिच्यावर बंधन आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. बोअरची गाडी मात्र रात्री अकराला येते आणि पहाटे निघून जाते.

दुसरी गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. ताळेबंदाची बैठक परतीच्या पावसानंतर, पेरणीच्या तोंडावर घ्यावी लागते. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्या नेमक्या तेव्हा ऊसतोडीला निघण्याच्या गडबडीत असतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली, ट्रॅक्टर दारात. मार्च-एप्रिलमध्ये कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, परत येतात तेव्हा गावचं पाणी तळाला गेलेलं असतं, आणि ज्या बैठकीत ते वाटलं गेलं तिथं ही माणसं नव्हती. पंचावन्नातला वाटा त्यांचाच आहे. म्हणून बैठक घटस्थापनेच्या आधी घ्या, आकडा थोडा कच्चा राहिला तरी चालेल. कच्चा आकडा सुधारता येतो, गेलेली माणसं सहा महिन्यांनी भेटतात.

शेततळं आणि सोलर: दोन चकवे

शेततळं चांगलंच, पण ते भरतं कशानं ते बघा. पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलं तर गावचा साठा वाढला. विहिरीचं पाणी डिसेंबरात उपसून प्लास्टिकच्या तळ्यात टाकलं तर साठा वाढलेला नाही, फक्त सामाईक कणगीतून एकाच्या कोठीत गेला. वर ऊन आहेच. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल तळ्यात साधारण २२ लाख लिटर मावतात. जानेवारी ते मे रोज सहा-सात मिलिमीटर उडालं तरी सात-आठ लाख लिटर हवेत जातात. जालन्याच्या कडवंचीत शेततळ्यांवर द्राक्षं उभी राहिली, पण तिथं आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं झाली होती. लोक तळी बघतात, माथा बघत नाहीत.

सोलर पंपाचंही तसंच. डिझेल वाचतं, धूर होत नाही, हवामानाच्या खात्यात ते जमेलाच. पण वीज दिवसभर फुकट म्हटल्यावर मोटार बंद कोण करील? पाण्याच्या खात्यात तोच पंप खर्चाला पडू शकतो. एकाच यंत्राची दोन खाती, आणि गावच्या वहीत दोन्ही लिहायला हवीत. पंप नको असं मी म्हणणार नाही. ठिबकला जोडून द्या, म्हणेन.

सुरुवात करायची तर

मृगाच्या आधी भांडं बसवा, पत्र्यापासून लांब. दहा विहिरी निवडा आणि त्यांच्या काठावर रंगानं खूण करा, म्हणजे दर वेळी टेप तिथूनच सुटेल. पहिल्या वर्षी पाऊस आणि पाणीपातळी सोडून कशाचीही नोंद करू नका. कोण किती उपसतो हे तर विचारूच नका. पहिल्याच वर्षी तो प्रश्न काढला की वही तिथंच मिटते. आकडे मात्र कपाटात ठेवू नका, ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर दर महिन्याला लिहा. येता-जाता लोक वाचतात, खोडी काढतात, "माझ्या हिरीचं चुकलंय" म्हणून भांडायला येतात. भांडायला आलेल्या माणसाच्या हातात पुढच्या वेळी टेप द्यायचा.

दुसऱ्या वर्षी पिकांचा आणि बोअरचा रकाना घाला. तेव्हा तीन-चार घरं बैठकीला यायची बंद होतील, त्यांच्याकडे गटातल्या कोणीतरी जावं. जाण्याआधी लाइटची पाळी बघून घ्यावी. रात्रीची असेल तर माणूस पहाटेपर्यंत दाऱ्यावर, पिकाला पाणी देत असतो आणि सकाळी झोपलेला. दुपारी चारनंतर जावं, चहाच्या वेळेला, आणि वही सोबत नेऊ नये.